एकट्याचा आठवडी बाजार: शहरात नव्याने खोली करून राहणाऱ्यांसाठी

नोकरीसाठी, कॉलेजसाठी किंवा स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी छत्रपती संभाजीनगर, लातूर, नांदेडला खोली केली की सुरुवातीचे दिवस मेस आणि घरून आलेल्या डब्यावर निघतात. मग कधीतरी शेगडी, कुकर, तवा येतो आणि स्वयंपाक सुरू होतो. वरण, भाजी, भाकरी हळूहळू जमायला लागते. सामानाचं गणित मात्र बरेच दिवस जमत नाही. मेथीची अर्धी जुडी पिवळी पडते, टोमॅटो पिशवीतच फुटतात, आणि ज्या रात्री उशीर होतो त्या रात्री घरात फक्त तांदूळ असतो.

यावर आपल्याकडे जुनी, पक्की पद्धत आहे. खेड्यात बाजार आठवड्यातून एकदाच भरतो आणि घरातलं खाणं त्या दिवसापासून मोजलं जातं. बाजार झाला की पालेभाजी, मग वांगी-दोडका, मग मोडाची मटकी, आणि बाजार जवळ आला की पिठलं, चटणी, वाळवलेली भाजी. जे आधी नासतं ते आधी खायचं. एकट्या माणसाच्या खोलीला हीच पद्धत सगळ्यात चांगली लागू पडते. म्हणून कोणत्या दिवशी कोणता पदार्थ करायचा याचा तक्ता मांडण्याआधी तुमचा बाजाराचा वार ठरवा. पुढचं सगळं त्या वारावर चालेल.

आधी जेवणं मोजा

कागदावर सात दिवसांची दोन्ही वेळची जेवणं मांडा. चौदा होतात. आता जी खोलीवर होणार नाहीत ती खोडा. वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत कंपनीत असाल तर कँटीनचं जेवण खोडा, आणि पाळी बदलत असेल तर त्या आठवड्याची शिफ्ट बघूनच खोडा. गावी जाणार असाल तर शनिवार-रविवार खोडा. मित्रमैत्रिणींबरोबर बाहेर जाणं होणार असेल तर तेही आत्ताच खोडून टाका. बऱ्याच जणांची आठ-दहाच जेवणं उरतात. बाजार चौदा जेवणांचा आणि खाणं आठ जेवणांचं, म्हणून भाजी सडते.

किती आणायचं याला एक चांगला आधार आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये आहाराची मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध केली. त्यातल्या २००० कॅलरीच्या दिवसभराच्या ताटात धान्य २५० ग्रॅम, डाळी-कडधान्यं ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, फळं १०० ग्रॅम, दूध-दही ३०० मिली आणि तेल-तूप २७ ग्रॅम धरलं आहे. अंगमेहनतीचं काम असेल तर धान्य जास्त लागणारच. आठवड्याचा हिशेब केला तर पूर्ण चौदा जेवणांना साधारण पावणेतीन किलो भाजी आणि सहाशे ग्रॅम डाळी-कडधान्यं होतात. तुमची दहा जेवणं असतील तर दोन किलो भाजी आणि सव्वाचारशे ग्रॅम डाळ पुरे. या दोन किलोंत कांदा-टोमॅटोही मोजा.

तेलावरून स्वतःचं खाणं तपासता येतं. एक लिटरच्या पिशवीत साधारण ९१० ग्रॅम तेल असतं. दिवसाला २७ ग्रॅमने ती एका माणसाला महिनाभर पुरायला हवी. पंधरा दिवसांत संपत असेल तर फोडणीचा हात आखडता घ्या.

महिन्याचं सामान मोंढ्यातून

महिन्याचं आणि आठवड्याचं सामान एकत्र आणू नका. डाळी, तांदूळ, शेंगदाणे, तेल, साखर, चहा, मीठ, मोहरी-जिरे महिन्यातून एकदाच आणा. मोंढ्याजवळ, म्हणजे धान्याच्या ठोक बाजाराजवळ राहत असाल तर तिथून, नाहीतर गल्लीतल्या किराण्यातून. पहिल्या महिन्यात एकट्यासाठी तूर डाळ एक किलो, मूग डाळ, मटकी आणि बेसन पाव-पाव किलो, शेंगदाणे अर्धा किलो एवढ्यावर थांबा. पाच किलो घेतलं तर भाव कमी लागतो हे खरं, पण पावसाळ्यात बंद खोलीत ठेवलेल्या डाळीला सोंडे लागायला वेळ लागत नाही, आणि ती फेकावी लागली की वाचलेले पैसे तिथेच जातात.

तूर डाळ घेताना फार चकचकीत बघून भुलू नका. ती चमक बहुतेक वेळा पॉलिशची असते. थोडी मळकट, बिनपॉलिशची डाळ घ्या आणि एकदा आपल्याच भागातल्या डाळीची चव बघा. लातूर हे डाळ मिलचं गाव, आणि त्याच जिल्ह्यातल्या बोरसुरीच्या तूर डाळीला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे.

काळा मसाला, येसर (भाजलेल्या धान्या-डाळींचं पीठ), तिखट, कारळाची आणि जवसाची चटणी गावाकडून मागवा. घरचे एसटीने डबा पाठवायला कायम तयार असतात, पण त्यांना भाजी पाठवू नका म्हणून सांगा. उन्हात एसटीच्या टपावरून किंवा डिकीतून आलेली भाजी खाण्यासारखी राहीलच याचा भरवसा नसतो. कोरड्या चटण्या, कडक भाकरी, सांडगे, वाळवलेली हरभऱ्याची भाजी हे खरं पाठवण्यासारखं. आईला वाटतं लेकराला ताजं मिळावं, म्हणून तिला हे दोनदा सांगावं लागेल.

गॅसचं कनेक्शन नसेल तर इंडियन ऑइलचा पाच किलोचा ‘छोटू’ सिलिंडर ओळखपत्रावर मिळतो, पत्त्याचा पुरावा लागत नाही. भाडेकरूंना हे फार सोयीचं आहे.

दळण थोडं थोडं

गव्हाचं पीठ बरेच दिवस टिकतं. ज्वारीच्या पिठाचं तसं नाही. जुनं झालं की त्याची विरी जाते: पीठ मळताना चिकटून येत नाही, भाकरी थापताना कडा फाटतात, तव्यावर टाकताना हातातच तुटते. नव्याने शिकणाऱ्याला वाटतं आपल्यालाच जमत नाही, आणि तो पोळीवर किंवा पावावर येतो. आधी पिठाचा वार आठवा. जुनं निघालं तर उकळतं पाणी घालून उकड काढल्यासारखं मळा, थोडी विरी परत येते. चव कडवट लागली तर मात्र ते पीठ वापरू नका.

म्हणून एका वेळी दोन किलोच ज्वारी दळून आणा. किलोभर पिठात मध्यम आकाराच्या दहा-बारा भाकरी होतात. गिरणीत डबा ठेवताना ‘काका, ज्वारीवरच टाका’ एवढं सांगायला विसरू नका. आधीचं दळण गव्हाचं किंवा हरभऱ्याचं असेल तर त्याचं पीठ तुमच्यात उतरतं. दळण घरी आणलं की लगेच झाकण लावू नका. पीठ गरम असतं, वाफ धरतं. परातीत पसरून पूर्ण गार होऊ द्या आणि मग भरा. कामावरून सुटेपर्यंत गिरणी बंद होत असेल तर सकाळी जाताना डबा टाका आणि दुसऱ्या दिवशी घ्या.

बाजाराचा दिवस

संभाजीनगरला छावणीचा बाजार गुरुवारी आणि जाफर गेटचा रविवारी भरतो. औरंगपुऱ्यात रोज भाजी मिळते. लातूरला गंजगोलाई आहे, सोळा रस्ते जिथे येऊन मिळतात. संभाजीनगरच्या जाधववाडी बाजार समितीत भाव कमी असतो, पण तिथला व्यवहार ठोक. चार खोल्यांतल्या पोरांनी मिळून जायचं असेल तरच ती फेरी परवडते.

सकाळी माल ताजा असतो, अंधार पडायला लागला की भाव उतरतो. संध्याकाळी उरलेल्या मालाचे वाटे लागतात. दहा-वीस रुपयांत एवढी वांगी बघून हात पुढे जातो, पण एकट्याला वाटा क्वचितच परवडतो. दीड किलो वांगी एका माणसाने खाऊन संपवायची कशी? ‘मावशी, पावच द्या’ असं सरळ सांगा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. ती अर्धा किलो घ्यायचा आग्रह करेल, तिचाही माल संपायचा असतो. दर आठवड्याला त्याच मावशीकडे गेलात की ती तुमचं पाव किलो लक्षात ठेवते, वर चार मिरच्या आणि कढीपत्त्याची काडी टाकते.

पालेभाजीच्या जुड्या मोठ्या असतात. शेजारच्या खोलीतल्या कोणाशी तरी जुडी वाटून घ्यायचं ठरवून टाका: एक मेथी तुम्ही घ्या, एक पालक त्याने घ्यावा, घरी आल्यावर अर्धं-अर्धं. एवढ्या एका गोष्टीने पालेभाजीची नासाडी जवळजवळ थांबते.

निवडताना घाई करू नका. वांगं हातात घेतल्यावर आकाराच्या मानाने हलकं लागावं, देठ हिरवा हवा आणि अंगावर सुईच्या टोकाएवढंही भोक नको. जड वांग्यात बिया भरलेल्या असतात, भोकाच्या आत अळी. भेंडीचं टोक कटकन मोडलं तर कोवळी, वाकून राहिलं तर जून. दोडका दोन्ही टोकांना सारखा आणि दाबल्यावर टणक असावा. गवार मोडून बघा, दोरा निघाला तर सोडा. टोमॅटो सगळे लाल घेऊ नका. तीन लाल, तीन फिके असे घेतले की फिके आठवड्याच्या शेवटाला पिकतात. पिशवीत खाली बटाटे-कांदे, वर फळभाज्या आणि सगळ्यात वर पाला. म्हणून पालेभाजी शेवटी घ्या.

दहा जेवणांसाठी माझी यादी अशी असते: दोन पालेभाज्या अर्धी-अर्धी जुडी, दोन-तीन फळभाज्या पाव-पाव किलो, एक टिकाऊ भाजी म्हणजे पत्ताकोबी, गाजर किंवा भोपळ्याची फोड, अर्धा किलो कांदा, पाव किलो टोमॅटो, थोडे बटाटे, मिरच्या, कोथिंबीर, आलं-लसूण, तीन लिंबं. फळं ऋतूप्रमाणे. जालन्याची मोसंबी चांगली टिकते, त्यामुळे एकट्याला केळ्यांच्या डझनापेक्षा ती सोपी पडते. केळी चारच घ्या.

घरी आल्यावरचा तास

पिशवी कोपऱ्यात टाकून झोपलात की निम्मा बाजार वाया गेला असं समजा. त्याच दिवशी तासभर बसा.

इथे पाण्याचा विचार करावा लागतो. लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. संभाजीनगरच्या कितीतरी वसाहतींमध्ये आजही नळाला काही दिवसांआड पाणी येतं. पालेभाजी निवडायला-धुवायला पाणी भरपूर लागतं. तुमच्याकडे पाण्याचा वार ठरलेला असेल तर बाजारही शक्यतो त्याच दिवशी करा, म्हणजे धुणं-निवडणं ताज्या पाण्यावर होतं. भाजी धुतलेलं पाणी बादलीत धरून फरशीला किंवा कुंडीला वापरा.

मेथी-पालक निवडून घ्या, पण लगेच शिजवायची तेवढीच धुवा. ओला पाला डब्यात ठेवला की दुसऱ्या दिवशी काळा पडतो. कोथिंबिरीची मुळं कापा, पिवळी पानं काढा, कोरड्या कागदात गुंडाळून डब्यात ठेवा. मिरच्यांचे देठ काढून ठेवा, त्या जास्त टिकतात. फिके टोमॅटो फ्रिजबाहेर ठेवा. कांदे आणि बटाटे वेगवेगळ्या टोपल्यांत, हवेशीर आणि अंधाऱ्या जागी. बटाटा हिरवा पडला किंवा कडवट लागला तर टाकून द्या.

लसूण सोलायला त्याच वेळी घ्या. थकून आलेल्या रात्री लसणाच्या पाकळ्या सोललेल्या सापडल्या की माणूस स्वयंपाकाला उभा राहतो, नाहीतर बाहेरून मागवतो. शेंगदाणे भाजून कूट करून ठेवला तर अर्ध्या भाज्यांची तयारी झाली.

कोणतं आधी, कोणतं नंतर

रविवारचा बाजार धरू. रविवारी रात्री मेथी, मुगाची डाळ घालून. सोमवारी पालक किंवा चुका, तुरीच्या डाळीत. मंगळवारी भेंडी, बुधवारी वांगी, गुरुवारी दोडका किंवा गवार. शुक्रवारी मोडाची मटकी. शनिवारी पत्ताकोबी-बटाटा, नाहीतर पिठलं-भाकरी आणि ठेचा. पदार्थ बदलले तरी चालतील, क्रम बदलू नका. मंगळवारी अचानक पिठलं खावंसं वाटलं तर खा, पण मग बुधवारी भेंडीच करा, कारण ती थांबणार नाही.

मटकी बुधवारी रात्री भिजत घाला, गुरुवारी सकाळी पाणी काढून स्वच्छ कापडात बांधा. उन्हाळ्यात संध्याकाळीच मोड येतात आणि जास्त ठेवली तर आंबूस वास येतो. थंडीत दीड-दोन दिवस लागतात, तेव्हा एक दिवस आधी भिजवा.

एका कुकरची तीन जेवणं

सगळ्या लेखातलं एकच काही करणार असाल तर हे करा. दीड वाटी तूर डाळ हळद घालून मऊ शिजवा आणि फोडणी न देता तीन भाग करा. गार झाली की दोन भाग झाकणाच्या डब्यांतून फ्रिजमध्ये. पहिल्या वेळी साधं वरण, भात, वर तूप आणि लिंबू. दुसऱ्या वेळी लसणाची सणसणीत फोडणी, काळा मसाला, चमचाभर येसर पाण्यात कालवून घाला. भाजलेल्या धान्या-डाळींच्या त्या पिठाने आमटी दाट होते आणि भाकरी कुस्करून खाता येते. तिसऱ्या वेळी वरण पातळ करून उकळा आणि कणकेच्या लाटीचे तुकडे त्यात सोडा. चकोल्या झाल्या की दुसरं काही लागत नाही, फक्त कच्चा कांदा. तिन्ही जेवणांची चव वेगळी, कुकर एकदाच. हे वरण दोन दिवसांत संपवा, आणि प्रत्येक वेळी लागेल तेवढंच काढून चांगलं उकळी येईपर्यंत गरम करा.

भाताच्या बाबतीत जास्त जपा. रात्रीचा भात पातेल्यात तसाच बाहेर ठेवून सकाळी फोडणी द्यायची सवय अनेक घरांत आहे. भातात असे जिवाणू असू शकतात जे शिजवूनही मरत नाहीत, आणि उबेत वाढून त्यांनी सोडलेलं विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. आपल्याकडच्या चाळीस अंशांच्या उन्हाळ्यात हे फार लवकर होतं. उरलेला भात लवकर गार करून फ्रिजमध्ये ठेवा. फ्रिज नसेल तर मोजूनच लावा: एकट्याला लहान पाऊण वाटी तांदूळ पुरतो.

उपवास असेल तर

गुरुवार, सोमवार किंवा एकादशी धरत असाल तर ती जेवणं यादीत वेगळी मांडा. भगर (वरई) आणि शेंगदाण्याची आमटी सोपी पडते, पण भगर घेताना काळजी घ्या. मराठवाड्यात उपवासाच्या दिवशी भगरीतून विषबाधा झाल्याच्या घटना अनेकदा घडल्या आहेत. दमट जागी ठेवलेल्या भगरीला बुरशी लागते. सुटी भगर आणि तयार पीठ टाळा. बंद पाकीट तारीख बघून घ्या, निवडून-धुऊन शिजवा आणि शिजवलेली भगर त्याच वेळी संपवा. मागच्या उपवासाची डब्यात राहिलेली भगर वापरू नका.

फ्रिज नसेल तर

बहुतेक नव्या खोल्यांमध्ये नसतोच. मग बाजार आठवड्यातून दोनदा करा, एकदा मोठा आणि मधल्या वारी फक्त पाला-टोमॅटोचा. भाजी दुरडीत पसरून वर ओलं सुती फडकं किंवा गोणपाट टाका आणि माठाशेजारी, वारा लागेल तिथे ठेवा. मराठवाड्याची उन्हाळी हवा कोरडी असल्याने पाणी पटकन उडतं आणि भाजी गार राहते. पावसाळ्यात मात्र हे करू नका, भाजी उलट सडते. तेव्हा कोरडी, मोकळी ठेवा. दूध अर्धा लिटरच घ्या, चहा-पिण्याचं बाजूला काढून उरलेलं रात्री विरजा. वरण एका दिवसाचंच शिजवा.

उशीर झालेल्या रात्रीसाठी

दोन-तीन पदार्थांचं सामान कायम घरात हवं, आणि ते आठवड्याच्या यादीत धरायचं नाही. सुशीला या मुरमुऱ्यांच्या पदार्थासाठी मुरमुरे, डाळवं (भाजलेली हरभरा डाळ), शेंगदाणे: मुरमुरे पाण्यातून काढून पिळायचे, कांदा-मिरचीच्या फोडणीत परतायचे, वर डाळव्याचं कूट. दहा मिनिटांत ताट तयार. पिठल्यासाठी बेसन आणि लसूण. धपाट्यांसाठी ज्वारीचं पीठ, थोडी कणीक-बेसन, आणि जी कोमेजायला लागलेली मेथी-कोथिंबीर असेल ती सगळी. कडक भाकरी असेल तर दूध-गूळ किंवा शेंगदाण्याची चटणी आणि तेल.

बाजाराच्या आदल्या दिवशी

पुढची यादी करण्याआधी टोपली उपडी करा. एक गाजर, अर्धा कोबी, दोन मिरच्या, एक मऊ टोमॅटो असं काहीतरी निघतंच. ते सगळं चिरून मुगाच्या डाळीच्या खिचडीत घाला. जे फेकावं लागलं ते कागदाच्या मागे लिहा, नाव आणि किती: ‘पालक अर्धी जुडी’, ‘काकडी दोन’. सलग दोन आठवडे एकच नाव आलं तर ती भाजी पुढच्या बाजारी निम्मी घ्या किंवा घेऊच नका. जे मधेच संपलं तेही लिहा. मग घरात काय शिल्लक आहे ते बघून, पुढच्या आठवड्याची जेवणं मोजून, त्याच कागदावर नवी यादी करा आणि पिशवीत ठेवून द्या.